पोलिसांच्या खांद्यावरची रायफल कोणती? थ्री नॉट थ्रीपासून एके-४७ पर्यंत, गावकऱ्यांसाठी सविस्तर माहिती

निवडणुकीचा बंदोबस्त असो, गणपतीची मिरवणूक असो की गावात दोन गटांत झालेला राडा, पोलिसांची गाडी आली की पोरांची नजर आधी रायफलीवर जाते. मग पारावर चर्चा सुरू होते. ‘एके-४७ आहे’ असं दहातले आठ जण सांगतात. बऱ्याचदा ती एके-४७ नसतेच. तालुक्याच्या ठिकाणी जवानाच्या खांद्याला दिसते ती बहुतेक वेळा एसएलआर किंवा इन्सास.

जुन्या माणसांना आठवते ती थ्री नॉट थ्री. इंग्रजांच्या फौजेची ही रायफल १८९५ च्या सुमारास आली. नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणून हे नाव. मॅगझीनमध्ये १० गोळ्या बसतात, पण प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे ओढावा लागतो. पश्चिम बंगालमधल्या ईशापूर कारखान्यात ती अनेक दशकं बनत होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला. तिचीच एक बहीण म्हणजे पोलिसांची ‘मस्केट’. इंग्रजांनी थ्री नॉट थ्रीची नळी मोठी करून ती ४१० बोअरची केली, म्हणजे मारा कमी अंतराचा झाला. काडतूसही असं ठेवलं की बाजारातलं शिकारीचं काडतूस तिच्यात बसू नये. बंदूक कुणी हिसकावून नेली तरी त्याला गोळी मिळू नये, हा हिशोब.

एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. बेल्जियमच्या रायफलीवरून घेतलेली, हीसुद्धा ईशापूरचीच. बोल्ट ओढायची गरज नाही, चाप दाबला की एक गोळी आणि पुढची आपोआप आत. मॅगझीन २० गोळ्यांचं, गोळी ७.६२ मिलिमीटरची. लांबी जवळपास पावणेचार फूट. उघड्या माळावर ही लांबी बरी, पण जीपमधून उतरताना किंवा घराच्या दारातून आत शिरताना जवानाची दमछाक होते.

इन्सास ओळखायची सोपी खूण म्हणजे आरपार दिसणारं प्लास्टिकचं मॅगझीन. आत किती गोळ्या उरल्या हे बाहेरून दिसतं. हिचा आराखडा आपल्या पुण्याचा. पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेत ती तयार झाली आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी फौजेत आली. गोळी छोटी, ५.५६ मिलिमीटरची. ती एकेक गोळी झाडते किंवा एका दाबात तीन. कारगिलच्या थंडीत मॅगझीनला तडे गेल्याच्या तक्रारी झाल्या, नाव थोडं खराब झालं. तरी राज्याराज्यांच्या पोलिसांकडे ती मोठ्या संख्येने पोचली.

एके-४७ चं मॅगझीन केळ्यासारखं वाकडं आणि ३० गोळ्यांचं. रायफलीची लांबी तीन फुटांच्या आत. चिखल, धूळ, पाणी काहीही असो, ती सहसा अडकत नाही, म्हणून जगभर पसरली. उजव्या बाजूला एक लांब खटका असतो. वर असला की बंदूक बंद, मधल्या खाचेत सलग मारा, अगदी खाली एकेक गोळी. सलग माऱ्याचा वेग मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या, म्हणजे ३० गोळ्यांचं मॅगझीन तीन सेकंदांत रिकामं. सिनेमात हिरो एका मॅगझीनवर अख्खी मारामारी उरकतो, तो सगळा डायरेक्टरचा खेळ.

पोलिसांना असली लष्करी हत्यारं कशाला, असा प्रश्न विचारला जातो. त्याचं एक उत्तर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत मिळालं. दहा हल्लेखोर एके रायफली घेऊन आले. सीएसटी स्टेशनवर त्यांच्यासमोर असलेल्या पोलिसांकडे लाठ्या आणि जुन्या थ्री नॉट थ्री होत्या. गिरगाव चौपाटीवर सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर झेलल्या. त्यांच्या हातात लाठीच होती. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्यानंतर राज्याने ‘फोर्स वन’ हे पथक उभं केलं. गडचिरोलीत मात्र ही गरज आधीच ओळखली गेली होती. तिथलं सी-६० पथक १९९० पासूनचं. सुरुवातीला ६० जवान होते म्हणून हे नाव पडलं, आणि जवान त्याच भागातले, गोंडी-माडिया बोलणारे.

आता रायफलीवर काय काय लावलेलं असतं ते पाहू. नळीच्या टोकाला असते ती ‘माशी’. मागच्या खाचेतून किंवा भोकातून माशी आणि निशाण एका रेषेत आणायचं, ही जुनी पद्धत. खास पथकांच्या रायफलीवर आता लाल ठिपक्याची काच दिसते. ती दुर्बीण नव्हे, तिने लांबचं मोठं दिसत नाही. ठिपका निशाणावर ठेवला की झालं, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. पुढे टॉर्च असते, कारण अंधारात समोर कोण आहे हे न ओळखता चाप दाबणं हा सगळ्यात मोठा धोका. खांद्याचा पट्टा, म्हणजे स्लिंग, दिसायला साधा, पण हात मोकळे ठेवायला आणि हिसकाहिसकीत हत्यार वाचवायला तोच कामाला येतो. छातीवरच्या पाऊचमध्ये जादा मॅगझीन. एकेचं भरलेलं लोखंडी मॅगझीन सुमारे ८०० ग्रॅमचं, चार ठेवली की तीन किलोंच्या वर. त्यात बुलेटप्रूफ जाकीट, हेल्मेट, पाणी. एवढं ओझं घेऊन उन्हात आठ तास उभं राहणं सोपं नाही.

नुसतं सामान लावून भागत नाही. प्रत्येक रायफल चांदमारीच्या मैदानावर नेऊन तिचं निशाण जुळवावं लागतं, त्याला ‘झिरोइंग’ म्हणतात. काच बदलली, रायफल जोरात आपटली की पुन्हा जुळवायचं. सराव नसेल तर महागडी काच शोभेचीच.

गावाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या रायफली लढाईसाठी बनल्या. एसएलआरची गोळी सेकंदाला ८०० मीटरहून जास्त वेगाने सुटते आणि निशाण चुकलं तर दोन-तीन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. पत्रा, दार, कुडाची भिंत तिला अडवत नाही. हवेत झाडलेली गोळीही कुठेतरी खाली येतेच. म्हणून गोळीबाराचा आवाज आला तर गच्चीवर चढून मोबाईलवर शूटिंग करू नये. पक्क्या भिंतीआड जमिनीलगत बसावं, खिडकीपासून लांब.

पोलीस मनाला येईल तशी गोळी झाडू शकत नाहीत. जमाव पांगवण्याचे नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ पासून पुढे आहेत, आणि वापरलेलं बळ गरजेपुरतंच असावं लागतं. अटक करताना, ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा जीव घेण्याचा अधिकार कलम ४३ देत नाही. चकमकीत कुणी मेलं तर काय करायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली महाराष्ट्रातल्याच प्रकरणात ठरवून दिलं. गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकारी चौकशी करायची आणि पोलिसांनी वापरलेली हत्यारं तपासणीसाठी जमा करायची. प्रत्येक रायफलीला नंबर असतो आणि ती कुणाला दिली, किती गोळ्या दिल्या याची नोंद शस्त्रागाराच्या रजिस्टरमध्ये होते. मृताच्या नातेवाइकांनी हे कागद कुठे तयार होतात एवढं जाणून घेतलं तरी पुढची लढाई सोपी जाते.

शेतात किंवा रानात काडतूस, पुंगळी किंवा ग्रेनेडसारखी वस्तू सापडली तर हात लावू नये, पोरांना जवळ जाऊ देऊ नये. पोलीस पाटलांना सांगावं किंवा ११२ वर फोन करावा. जिवंत काडतूस विनापरवाना घरात ठेवणं हा गुन्हा आहे, ‘आठवण म्हणून ठेवलं’ हे कारण चालत नाही. सलग मारा करणारी रायफल बाळगल्यास शस्त्र कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ ते कमाल १४ वर्षांची शिक्षा आहे. पोलिसाचं हत्यार जबरदस्तीने हिसकावलं तर किमान १० वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत. लग्नात किंवा वरातीत परवान्याची बंदूक निष्काळजीपणे उडवली तरी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.