घर घेताना किंवा विकताना एजंट कसा निवडावा? महारेरा नोंदणी, दलाली आणि खरा भाव – सगळं मोबाईलवर तपासा

प्रॉपर्टीच्या एखाद्या पोर्टलवर फ्लॅट आवडला म्हणून आपला नंबर टाकला, की थोड्याच वेळात फोन सुरू होतात. "सर, तो फ्लॅट कालच गेला, पण तसाच दुसरा आहे, आज बघायला येता का?" यातला कोण खरंच कामाचा आणि कोण नुसता टोकन घेऊन मोकळा होणारा, हे फोनवरच्या गोड बोलण्यावरून कळत नाही. आणि इथे पणाला लागते ती आयुष्यभराची बचत, वर वीस वर्षांचं कर्ज.

चांगली गोष्ट अशी की एजंटने सांगितलेल्या बऱ्याचशा गोष्टी आता सरकारी वेबसाइटवर घरबसल्या आणि फुकट तपासता येतात. ते कसं करायचं, तेच या लेखात पाहूया. इथली माहिती मुख्यतः महाराष्ट्रातल्या व्यवहारांसाठी आहे.

एजंट नेमका कोणाचा माणूस असतो?

सगळ्यात आधी हे समजून घ्या. नवीन प्रोजेक्टमध्ये एजंटला, म्हणजे बिल्डरच्या भाषेत 'चॅनल पार्टनर'ला, कमिशन सहसा बिल्डर देतो. त्यामुळे "तुमच्याकडून एक रुपयाही घेणार नाही" हे खरं असू शकतं, पण मग तो कोणता प्रोजेक्ट आधी दाखवेल याचा अंदाज तुम्हीच करा.

रिसेलमध्ये म्हणजे जुन्या घराच्या व्यवहारात तोच एजंट बऱ्याचदा घेणारा आणि विकणारा, दोघांकडूनही दलाली घेतो.

आता एक साधा हिशोब बघा. ८० लाखांच्या घरावर १ टक्का दलाली म्हणजे ८०,००० रुपये. तेच घर ७८ लाखांत गेलं तर दलाली ७८,००० होते. तुमचे २ लाख वाचले किंवा गेले, तरी एजंटला फरक पडतो फक्त २,००० रुपयांचा. म्हणजेच त्याचा खरा फायदा सौदा लवकर होण्यात आहे, भाव चांगला मिळण्यात नाही. यात लबाडी नाही, धंद्याची रचनाच तशी आहे. म्हणून भाव ठरवण्याचं काम पूर्णपणे एजंटवर सोडू नका.

महारेरा नोंदणी म्हणजे काय?

रेरा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी 'महारेरा' हे प्राधिकरण १ मे २०१७ पासून करतं. या कायद्यानुसार:

• रेरात नोंदलेल्या प्रोजेक्टमधलं घर किंवा प्लॉट विकून देणाऱ्या एजंटची स्वतःची नोंदणी असलीच पाहिजे.
• त्याने प्रत्येक व्यवहारात आपला नोंदणी क्रमांक द्यायला हवा.
• ज्या प्रोजेक्टला नोंदणी लागते पण जो नोंदलेला नाही, त्यातलं घर तो विकू शकत नाही.
• बुकिंगच्या वेळी ग्राहकाला मिळायला हवी ती माहिती आणि कागदपत्रं मिळवून देणं ही त्याची जबाबदारी आहे.

नोंदणीशिवाय काम करणाऱ्या एजंटला दिवसाला १०,००० रुपये दंड होऊ शकतो आणि तो वाढत वाढत घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. २०२३ पासून महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली आहे. त्यामुळे नोंदणी क्रमांकाबरोबर परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्रही मागा. खरा एजंट ते दाखवायला कचरत नाही.

एजंटची नोंदणी कशी तपासायची?

१. एजंटकडून नोंदणी क्रमांक व्हॉट्सॲपवर लेखी मागवा. एजंटचा क्रमांक इंग्रजी 'ए' अक्षराने सुरू होतो. 'पी'ने सुरू होणारा क्रमांक प्रोजेक्टचा असतो. काही जण प्रोजेक्टचाच नंबर स्वतःचा म्हणून पाठवतात, तेवढं बघा.
२. महारेराची वेबसाइट उघडा. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना, याची खात्री करा.
३. नोंदणीकृत एजंट शोधण्याचा पर्याय निवडा आणि नाव किंवा क्रमांक टाका.
४. नाव, पत्ता आणि मुदत जुळते का पहा. नोंदणी ५ वर्षांसाठी असते, त्यामुळे मुदत संपलेलं सर्टिफिकेट चालत नाही.
५. क्रमांक कंपनीच्या नावावर असेल, तर समोरचा माणूस खरंच त्या कंपनीत आहे का, हे कंपनीच्या ऑफिसमध्ये फोन करून विचारा.

नवीन प्रोजेक्टच्या जाहिरातीवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन केला की प्रोजेक्टची महारेरावरची माहिती उघडते. एजंटने पाठवलेल्या जाहिरातीवर हा कोडच नसेल, तर तिथेच थांबा.

रिसेल फ्लॅट असेल तर?

इथे एक बारीक गोष्ट आहे. रेरात न नोंदलेल्या जुन्या सोसायटीतला फ्लॅट घेताना एजंटची महारेरा नोंदणी कायद्याने सक्तीची नाही. नोंदणी असेल तर उत्तमच, पण अशा वेळी त्याची पारख प्रश्न विचारून करा: सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहे? घरावर कर्ज बाकी आहे का? आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी पूर्ण आहे का? ओसी मिळाली आहे का? मेंटेनन्स थकला आहे का? त्या भागात मुरलेल्या एजंटला यातलं बरंचसं माहीत असतं, नसेल ते तो दोन दिवसांत कागदासह आणून देतो. "ते सगळं नंतर बघू, आधी टोकन द्या" म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

खरा भाव कसा कळेल? इंडेक्स २ बघा

एजंट म्हणतो, "या बिल्डिंगमध्ये ९० च्या खाली काही मिळत नाही." हे तपासता येतं! नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर 'ई-सर्च' नावाची मोफत सेवा आहे. तिथे वर्ष, गाव किंवा भाग आणि सर्व्हे नंबर, सीटीएस नंबर किंवा फ्लॅट नंबर टाकला, की नोंदणी झालेल्या व्यवहारांची यादी येते. त्यातला 'इंडेक्स २' म्हणजेच सूची क्रमांक २ उघडा. 'मोबदला' या रकान्यात दस्तावर लिहिलेली किंमत असते, शेजारी क्षेत्रफळ आणि तारीखही असते.

त्याच बिल्डिंगमधले मागच्या एक-दोन वर्षांतले तीन-चार व्यवहार काढा आणि चौरस फुटाचा भाव मांडा. क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप हे नीट बघा, नाहीतर हिशोब चुकेल. रेडी रेकनरचा दर हा मुद्रांक शुल्कासाठी असतो, तो बाजारभाव समजू नका.

दलाली किती आणि कधी द्यायची?

महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये रिसेलला प्रत्येक बाजूकडून साधारण १ ते २ टक्के दलालीची पद्धत आहे, पण ती घासाघीस करून ठरते. एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर वर १८ टक्के जीएसटी लागतो. ८० लाखांवर २ टक्के म्हणजे १,६०,००० आणि जीएसटी २८,८०० धरून एकूण १,८८,८०० रुपये. त्याने जीएसटी मागितला तर जीएसटी नंबर घ्या. तो चालू आहे की रद्द झालाय, हे जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता दिसतं.

घर बघायला जाण्याआधीच व्हॉट्सॲप किंवा ईमेलवर हे ठरवून घ्या:

• किती टक्के, कोणत्या रकमेवर, जीएसटी धरून की सोडून
• समोरच्या बाजूकडूनही दलाली घेणार का
• पैसे कधी द्यायचे (दस्त नोंदणीच्या दिवशी दिलेले बरे)
• सौदा मोडला तर काय

टोकन आणि घराचे पैसे थेट मालकाच्या किंवा प्रोजेक्टच्या खात्यातच भरा, एजंटच्या यूपीआयवर नाही. नोंदणीकृत प्रोजेक्टमध्ये करार नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हेही लक्षात ठेवा.

घर विकत असाल तर

दहा एजंटांना सांगितलं की घर लवकर जातं, असं वाटतं. प्रत्यक्षात एकच फ्लॅट पोर्टलवर पाच वेगवेगळ्या किमतींना दिसतो आणि बघणारा म्हणतो, "यात काहीतरी गडबड आहे." त्यापेक्षा त्याच भागात काम करणारे दोन-तीन एजंट निवडा आणि सगळ्यांना एकच किंमत लेखी द्या. त्यांनी टाकलेली जाहिरात स्वतः उघडून वाचा.

मूळ कागदपत्रं कोणाच्याही हातात देऊ नका. झेरॉक्सवर 'फक्त अमुक फ्लॅटच्या विक्रीसाठी' असं आडवं लिहा. आधारची प्रत द्यायची असेल तर 'मास्क्ड आधार' डाउनलोड करा, त्यात फक्त शेवटचे ४ अंक दिसतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एजंटविरुद्ध तक्रार कुठे करायची?
नोंदणीकृत प्रोजेक्टचा व्यवहार असेल तर महारेराच्या वेबसाइटवर ऑनलाइन तक्रार करता येते, फी ५,००० रुपये. इतर व्यवहारांत ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर विचारा. खोटा मालक उभा करणं, पैसे घेऊन गायब होणं असा प्रकार असेल तर थेट पोलिसांकडे जा. ठरलेल्या गोष्टींचे चॅट आणि पावत्या इथे उपयोगी पडतात.

महाराष्ट्रातली नोंदणी गोव्यात चालते का?
नाही. गोव्याचं रेरा प्राधिकरण वेगळं आहे. तिथलं घर घेताना एजंटचा क्रमांक गोवा रेराच्या वेबसाइटवर तपासा.

एजंट नोंदणीकृत असेल तर वकील लागतो का?
हो. महारेराची नोंदणी एजंटची असते, घराच्या मालकीची हमी त्यात नसते. टायटल तपासायला वकील वेगळा आणि तुमच्या ओळखीचा घ्या, एजंटने सुचवलेला नको.

घर बघायला जाण्याआधी अर्धा तास काढून एजंटचा क्रमांक आणि इंडेक्स २ एवढं तरी बघून घ्या. तयारीने आलेल्या ग्राहकाला चांगला एजंट वैतागत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. घरात कोणी सध्या फ्लॅट शोधत असेल, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा.