टेक्सासचा सवाल उलटा झाला तेव्हा

बचन सिंग खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा निकाल म्हटला की मृत्युदंडासाठीची 'दुर्मिळातील दुर्मीळ' ही कसोटी सगळ्यांना आठवते. १९५५ ची दुरुस्ती, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता, मग ही कसोटी, हा प्रवास पाठ्यपुस्तकांत सापडतो. मला मात्र त्या निकालातली सात मुद्द्यांची यादी अधिक मोलाची वाटते. आरोपीच्या बाजूने काय काय पाहावं, हे तिच्यात आहे. ती वकील डॉ. चितळे यांनी युक्तिवादात सुचवली आणि न्यायालयाने ग्राह्य मानली.

आता तिच्याशेजारी अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटची १९६२ ची आदर्श दंडसंहिता ठेवा. तीव्र मानसिक वा भावनिक क्षोभ, कृत्य नैतिकदृष्ट्या समर्थनीय असल्याची आरोपीची समजूत, दुसऱ्याची जबरदस्ती किंवा पगडा, मनोदोषामुळे खुंटलेली समज, कोवळं वय. सगळं तिथलंच; आपण वृद्धत्वाची भर घातली.

आपल्या यादीतला तिसरा मुद्दा मात्र त्या संहितेत नाही. तो सापडतो टेक्सासच्या १९७३ च्या कायद्यात. तिथे ज्युरीला विचारलं जाई: आरोपी पुढेही हिंसक गुन्हे करून समाजाला सतत धोका ठरेल, असा संभव आहे का? या आणि सोबतच्या सवालांना 'हो' आलं की मृत्युदंड. आपल्या यादीत हेच वाक्य नकारार्थी होऊन आलं. आरोपी असा धोका ठरणार नाही, हा संभव त्याच्या बाजूने धरायचा. आणि तो सुधारणार नाही, हे पुराव्याने दाखवायचं सरकारने. फासाकडे नेणारा सवाल इथे जीव वाचवायला उभा राहिला!

कोणी म्हणेल, असे विचार कुठल्याही सहृदय न्यायाधीशाला सुचतील. विचार सुचतील, हे मान्य. पण हिंसक कृत्यं, त्यांचा संभव आणि समाजाला सतत धोका ही तिहेरी जोडणी दोन ठिकाणी आपोआप जमत नाही. खरं तर १९७२ च्या जगमोहन सिंग निकालात याच न्यायालयाने पाश्चात्त्य अनुभव इथे रुजवण्याबद्दल गंभीर शंका घेतली होती. तरी माझा तर्क असा, की हे वाक्य टेक्सासच्या या कायद्यावरच्या १९७६ च्या अमेरिकन ज्युरेक निकालातून आलं. त्याच दिवशीच्या ग्रेग निकालाची चर्चा बचन सिंगमध्ये आहेच.

या यादीत हिंसेची मुळं शोधायची वाट आहे, म्हणून ती मला जवळची. तरी तिच्यात गरिबीचं नाव नाही. फाशी गरिबांच्याच वाट्याला येते, हे न्या. भगवतींनी बचन सिंग खटल्यातल्याच आपल्या भिन्नमत निकालात बजावलं होतं. २०१० च्या मुल्ला निकालात सामाजिक-आर्थिक स्थिती विचारात घेतली गेली. माणूस कसा घडला हे न तपासता त्याला संपवणं मला अन्यायच वाटतं.

टेक्सासच्या सवालाचा पायाही ठिसूळच. अशी दीर्घकालीन भाकितं तीनपैकी दोनदा चुकतात, असं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८३ च्या बेअरफूट खटल्यात सांगितलं होतं. मे २००९ मध्ये बरियार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात आपल्या न्यायालयाने सुधारणा अशक्य असल्याचा ठोस पुरावा मागितला. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटने आपल्या संहितेतलं मृत्युदंडाचं कलम मागे घेतलं. आपल्याकडे मात्र यादी चालूच आहे, आणि २०२२ च्या मनोज निकालापासून आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती आणि तुरुंगातली वागणूक यांची माहिती खालच्या न्यायालयातच गोळा करायची आहे.