राघूची वाणी आणि राघूचे पाय

पोपट म्हटला कीं आपणांस आठवते ती त्याची वाणी. त्याच्या बोलण्यावरून ‘पोपटपंची’ हा शब्द आपल्या भाषेंत रूढ झाला. त्याच्या चढण्यावरून असा एखादा शब्द रूढ झाल्याचें दिसत नाहीं. मनुष्य आणि पोपट यांच्या सहवासाचा इतिहास चाळला, तर हीच एकांगी दृष्टि वारंवार आढळते.

ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकाच्या अखेरीस इराणच्या दरबारीं असलेला ग्रीक वैद्य क्टेसिअस यानें हिंदुस्थानांतील एका पक्ष्याचें वर्णन केलें आहे. हा पक्षी माणसासारखा तेथील भाषा बोलतो आणि शिकविल्यास ग्रीकही बोलेल, असें तो सांगतो. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रां’त नागरकाच्या शयनगृहाबाहेर क्रीडापक्ष्यांचे पिंजरे टांगलेले आहेत, आणि शुकसारिकांस बोलावयास शिकविणें ही चौसष्ट कलांपैकीं एक गणली आहे. येथेंही कौतुक आहे तें वाणीचेंच.

रोमन ग्रंथकार प्लिनी याचें उदाहरण विशेष विचार करण्याजोगें आहे. इ. स. ७७ च्या सुमाराच्या आपल्या निसर्गविषयक ग्रंथांत तो सांगतो कीं, पोपटास बोलावयास शिकवितांना त्याच्या डोक्यावर लोखंडी कांबीचे प्रहार करावे लागतात. हा पक्षी खालीं उतरतांना चोंचीवर भार घेतो, असें सूक्ष्म निरीक्षणही तो नोंदवितो; परंतु त्याचें कारण पायांचें दौर्बल्य असें देतो. वस्तुतः पोपटाच्या पावलाचीं दोन बोटें पुढें व दोन मागें असतात, आणि त्यामुळें त्याची पकड भक्कम असते. २०२२ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, उभ्या पृष्ठावर चढणाऱ्या लव्हबर्ड जातीच्या पोपटांचें बळ मोजण्यांत आलें. तेव्हां चोंच ही केवळ आधार नसून, शरीर वर नेण्यांत पायांच्या तोडीचें काम करणारा जणू तिसरा पायच आहे, असें दिसून आलें. प्लिनीनें ज्यास उणीव मानलें, तें सामर्थ्य होतें.

या पायांचें मर्म ओळखलें तें पारध्यानें. शुकनलिकान्याय वाचकांस परिचित असेलच. दोरींत ओंवलेल्या नळीवर पोपट बसला कीं त्याच्या भारानें ती फिरते, तो उलटा होतो, आणि मोकळा असूनही पडण्याच्या भयानें नळी घट्ट धरून राहतो. शके १२१२ मध्यें सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायांत, स्वतःच स्वतःस बांधून घेणाऱ्या जीवासाठीं हाच दृष्टांत योजिला आहे. दृष्टांत म्हणून तो अप्रतिम आहे. तथापि पक्ष्याच्या बाजूनें पाहतां, उलटें लटकणें हा त्याच्या नित्याच्या हालचालींतलाच एक प्रकार. फांदीच्या टोकाचें फळ तो असाच लटकून खातो.

पारध्याची तीच नळी घरीं खेळणें होऊं शकते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें आपले देशी पोपट धरणें वा पाळणें आज गुन्हा आहे, आणि तें योग्यच झालें. घरोघरीं आतां दिसतात ते बहुधा बजरीगर. जॉन गूल्ड यानें १८४० सालीं ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडास जिवंत नेलेले ते हेच पक्षी. त्यांच्या पिंजऱ्यांत पुष्कळदां एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्या असतात. सदैव त्यांवर बसून तळव्याच्या त्याच त्या जागीं भार पडतो व व्रण होतात. औषध न फवारलेली पेरूची वेडीवांकडी फांदी यावर उत्तम उपाय होय. वेळूच्या कांबी सुती दोरींत गांठी मारून अडकविल्या कीं शिडी होते. मात्र दोरीचे सुटे धागे बोटांत गुंततात, ते कापावे. जस्ताचा मुलामा दिलेली तार वापरूं नये, कारण पक्षी ती चावतो आणि जस्त त्यास विषासमान आहे. रंग दिलेलें लांकूडही टाळावें.

शिडीनें पिंजरा नाहींसा होत नाहीं, हें खरें. परंतु पोपटास बोलतें करण्यांत मनुष्याची करमणूक मुख्य असते; शिडी बांधतांना पक्ष्यास काय हवें, हें आधीं पाहावें लागतें. ज्या घरांतील मुलांनीं अशी एक शिडी स्वतःच्या हातांनीं केली, त्यांस पक्ष्याकडे पाहण्याची ही दुसरी दृष्टि आपोआप लाभेल.