शेजारच्या बांधकाम परवानगीवर हरकत कशी नोंदवावी : वाराणसीतील मुन्शी घाट परिसर

वाराणसीच्या घाटांलगत ज्यांचे राहते किंवा वडिलोपार्जित घर आहे, अशा मराठी कुटुंबांसाठी ही माहिती आहे. शेजारी कोणी जुना वाडा पाडून नवे बांधणार असेल, मजला चढवणार असेल किंवा घराचे हॉटेल करणार असेल, तर तुम्ही हरकत कुठे, केव्हा आणि कशाच्या आधारावर घेऊ शकता, ते येथे सांगितले आहे. उदाहरणासाठी मुन्शी घाट घेतला आहे. नागपूरच्या श्रीधर नारायण मुन्शी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घाटाच्या एका अंगाला दरभंगा घाट आणि दुसऱ्या अंगाला अहिल्याबाई घाट आहे. येथील नियम आसपासच्या घाटांनाही बहुतांशी तसेच लागू होतात.

तुम्हाला नोटीस येणार नाही

शहरात बांधकामाची परवानगी वाराणसी विकास प्राधिकरण देते. त्यासाठी उत्तर प्रदेश नगर नियोजन व विकास अधिनियम, 1973 लागू आहे. कलम 14 नुसार परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही आणि कलम 15 मध्ये अर्जाची पद्धत दिली आहे. मात्र एखाद्या घराचा नकाशा मंजूर करण्यापूर्वी शेजाऱ्यांचे म्हणणे मागवलेच पाहिजे, अशी पायरी या कलमांत नाही. परवानगी नाकारली तर 30 दिवसांत अपील करता येते, पण तो हक्क अर्जदाराचा आहे. शेजाऱ्याचा नाही.

वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन हरकती मागवल्या जातात त्या संपूर्ण शहराची महायोजना तयार होताना (कलम 10) किंवा तिच्यात बदल होताना (कलम 13). महाराष्ट्रातही रचना अशीच आहे. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 खाली विकास आराखड्यावर कलम 26 नुसार आणि आराखड्यातील फेरबदलावर कलम 37 नुसार हरकती घेता येतात, एकेका इमारतीच्या परवानगीवर तशी मुदत मिळत नाही. त्यामुळे पुण्यात किंवा नागपुरात जाहीर सूचना वाचण्याची सवय असलेल्यांची येथे हमखास फसगत होते. सूचनेची वाट पाहत बसू नका. मोजणी सुरू झाली, पाडकाम सुरू झाले किंवा विटा-वाळू येऊन पडली की स्वतःहून लेखी हरकत द्या. विहित मुदत नसली तरी मंजुरीच्या आधी पोहोचलेला अर्ज फाइलमध्ये लागतो. अशा आधीच्या अर्जातले मुद्दे तपासल्याशिवाय मंजुरी दिली गेली, तर पुढे तुमची बाजू मजबूत राहते.

शब्द सांभाळा

वाराणसीचे कामकाज हिंदीत चालते. मराठीतली ‘हरकत’ म्हणजे हिंदीतली ‘आपत्ति’. हिंदीत ‘हरकत’ म्हणजे कृती, बरेचदा वाईट कृती. तुम्ही ‘मेरी हरकत दर्ज करें’ असे लिहिलेत तर अर्थाचा पार विचका होतो. मराठीतली ‘आपत्ती’ मात्र पुराची किंवा भूकंपाची! भाषांतर करताना या जोडीने आम्हालाही अनेकदा गोंधळात टाकले आहे. विषयाची ओळ अशी लिहा : ‘भवन संख्या … के मानचित्र स्वीकृति आवेदन पर आपत्ति’. ‘मानचित्र’ म्हणजे बांधकामाचा नकाशा, ‘महायोजना’ म्हणजे आपला विकास आराखडा, ‘अवर अभियंता’ म्हणजे कनिष्ठ अभियंता. ‘शमन’ या शब्दाकडे विशेष लक्ष ठेवा, त्याचा खुलासा पुढे केला आहे.

हरकत कशाच्या आधारावर घ्यावी

धूळ होते, आवाज होतो, आमच्या खिडकीतली गंगा दिसेनाशी होईल, ही कारणे खरी असली तरी त्यांवर परवानगी थांबत नाही. नियम कोणता मोडतो, ते सांगावे लागते. मुन्शी घाटावर सर्वांत मोठा आधार 200 मीटरच्या नियमाचा आहे. राज्य शासनाने 5 फेब्रुवारी 2000 च्या आदेशाने गंगाकाठच्या शहरांत किनाऱ्यापासून 200 मीटरपर्यंत विकासकामांना मनाई केली. 2001 मध्ये मंजूर झालेल्या वाराणसीच्या महायोजनेत या पट्ट्यातील जुन्या इमारतींची केवळ दुरुस्ती व जीर्णोद्धार करता येईल, असे म्हटले होते. 2005 मध्ये कौटिल्य सोसायटी या संस्थेने याच पट्ट्यातील बांधकामांविरुद्ध अलाहाबाद उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. अंतर नेमके कुठून मोजायचे, यावर गल्लीच्या आतल्या घरांबाबत वाद होऊ शकतो. घाटाच्या पायऱ्यांना लागून असलेल्या इमारतीबाबत तो प्रश्नच उरत नाही. अर्जात सध्या लागू असलेल्या महायोजनेतील तरतुदीचा उल्लेख करा. ती प्राधिकरणाकडे पाहायला मिळते.

बहुतेक वाद ‘दुरुस्ती’ या शब्दाभोवतीच फिरतात. अर्ज दुरुस्तीचा आणि जागेवर काम नव्या खांबांचे, नव्या स्लॅबचे, वाढीव मजल्याचे, असे असेल तर तोच तुमचा मुख्य मुद्दा. जुनी इमारत कशी होती, याचे छायाचित्र येथे दहा पानी तक्रारीपेक्षा जास्त उपयोगी पडते. घरातले जुने अल्बम काढा. लग्नातला किंवा मुंजीतला एखादा फोटो मागच्या भिंतीचे मजले दाखवत असेल, तर त्याची प्रत जोडा.

गंगा नदीसंबंधी केंद्र सरकारच्या 7 ऑक्टोबर 2016 च्या आदेशानेही नदीपात्रात, काठावर आणि सक्रिय पूरक्षेत्रात बांधकामाला मनाई आहे. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा गंगा समिती असते. याशिवाय केंद्रीय संरक्षित स्मारकापासून 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असते. दशाश्वमेधच्या पुढे असलेला मान महाल असे स्मारक आहे. तुमच्या शेजारचे घर त्या 300 मीटरच्या आत येते का, ते मोजून घ्या. येत असेल तर पुरातत्त्वाची वेगळी परवानगी लागते आणि ती घेतली आहे का, असे विचारता येते.

मालकीचा वाद असेल तर सावध राहा. प्राधिकरण मालकी ठरवत नाही आणि नकाशा मंजूर झाल्याने कोणी मालक होत नाही. परंतु वाडा सामाईक असेल, हिस्सेदार नागपूर-इंदूरला पांगलेले असतील आणि एकानेच सर्वांच्या वतीने अर्ज केला असेल, तर इतरांची संमती नसल्याचे कागदपत्रांसह कळवा. महत्त्वाची माहिती दडवून किंवा खोटी देऊन मिळवलेली परवानगी रद्द करण्याची तरतूद कलम 15 मध्ये आहे. वीस वर्षे उपभोगलेल्या उजेड-हवेच्या हक्कासाठी भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 खाली दिवाणी न्यायालयात जावे लागते.

अर्ज कोठे द्यावा

अर्ज प्राधिकरणाच्या उपाध्यक्षांच्या नावे करा. नावावरून ते दुय्यम वाटतात, पण नकाशा मंजुरीचे अधिकार त्यांच्याकडेच असतात. अध्यक्षपद मंडलायुक्तांकडे असते. प्रत्यक्ष दिल्यास दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, बाहेरगावाहून पाठवत असाल तर पोचपावतीसह टपालाने पाठवा. त्याच दिवशी राज्याच्या जनसुनवाई पोर्टलवर किंवा 1076 या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर नोंद केल्यास तक्रार क्रमांक मिळतो. केवळ तोंडी सांगून परत येऊ नका.

माहिती अधिकाराचा अर्ज (शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस) मंजूर नकाशा, अटी आणि ना-हरकत पत्रे मिळवण्यासाठी चांगला. तो देशातील कोणत्याही गावातून करता येतो. मात्र 30 दिवसांत एक मजला उभा राहू शकतो. म्हणून हरकत आधी द्या आणि माहिती अधिकाराचा अर्ज तिच्यासोबत. तोवर जागेवर फलक पाहा. सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2024 रोजी मेरठच्या प्रकरणात दिलेल्या निर्देशांनुसार काम चालू असेपर्यंत मंजूर नकाशा बांधकामाच्या ठिकाणी लावून ठेवणे आवश्यक आहे. फलक नसेल तर त्याचेही तारखेसह छायाचित्र घ्या.

परवानगी आधीच मिळाली असेल तर

मंजूर नकाशाबाहेर काम चालू असल्यास कलम 28 खाली काम थांबवण्याची आणि कलम 27 खाली पाडण्याची कारवाई मागता येते. पाडण्याच्या आदेशात 15 ते 40 दिवसांची मुदत असते आणि समोरच्यालाही म्हणणे मांडण्याची संधी मिळते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी काही घडेल अशी अपेक्षा ठेवू नका. येथेच ‘शमन’ येते. शुल्क भरून नियमबाह्य बांधकाम नियमित करून घेण्याला तेथे शमन म्हणतात. काम थांबल्यावर अनेक जण निर्धास्त होतात आणि मागाहून शमनाचा अर्ज मंजूर होतो. म्हणून ‘शमन मानचित्र स्वीकृत न किया जाए’ ही मागणी पहिल्याच अर्जात लिहून ठेवा.

प्राधिकरणाची मंजुरीच बेकायदेशीर वाटत असेल तर कलम 41 खाली राज्य शासनाकडे फेरतपासणीचा अर्ज करता येतो. तो अर्ज फक्त बांधणाऱ्यानेच करावा, असे बंधन नाही. त्यानंतर उच्च न्यायालय. ‘तुमचा काय संबंध?’ असे विचारले गेल्यास कर्नाटकातील उडुपीचा निकाल सांगता येतो. तेथे निवासी भागातील सभागृहाचे चित्रपटगृह करायला नगरपालिकेने मंजुरी दिली होती. तिच्याविरुद्ध एक रहिवासी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1974 मध्ये न्यायालयाने त्याचा आक्षेप घेण्याचा हक्क मान्य करून ती मंजुरी बेकायदेशीर ठरवली.

वाराणसीत राहत नसाल तर तेथील विश्वासू नातेवाइकाला या कामापुरते अधिकारपत्र द्या आणि मूळ कागद मात्र स्वतःकडेच ठेवा. अर्जासोबत स्वतःच्या घराचा कर भरल्याची पावती, छायाचित्रे आणि घाटापासून जागा किती अंतरावर आहे हे दाखवणारे साधे रेखाटन जोडावे.