वेब डिरेक्टरीची पारख

संकेतस्थळांची विषयवार सूची म्हणजे वेब डिरेक्टरी. १९९४ मध्ये जेरी यांग व डेव्हिड फिलो यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात अशी सूची सुरू केली. तीच पुढे 'याहू' झाली. १९९८ मध्ये स्वयंसेवी संपादकांची 'डीमॉझ' आली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या गुगलने पानाकडे येणाऱ्या दुव्यांवरून त्याचे महत्त्व ठरवले आणि डिरेक्टरीतील नोंदीला मोल आले.

साहजिकच पैसे घेऊन कोणाचाही दुवा देणाऱ्या सूच्यांचे पेव फुटले. एप्रिल २०१२ मध्ये गुगलने 'पेंग्विन' बदलाद्वारे अशा कृत्रिम दुव्यांना चाप लावला. याहूची डिरेक्टरी २०१४ मध्ये, तर डीमॉझ २०१७ मध्ये बंद झाली.

चांगल्या डिरेक्टरीची खरी खूण म्हणजे नकार देण्याची तयारी. याहू व्यावसायिक संकेतस्थळांकडून वर्षाला २९९ डॉलर घेत असे. मात्र प्रारंभीचे शुल्क परीक्षणाचे होते, त्यात नोंदीची हमी नव्हती. म्हणून नोंदणीपूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. संपादक नोंदी तपासतो काय? वर्गवारी नेमकी आहे काय? जुने, बंद पडलेले दुवे काढले जातात काय? औषधविक्रेत्याशेजारी जुगाराची जाहिरात तर नाही ना? पैसे देऊन मिळवलेल्या दुव्यावर 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' ही खूण असावी, असा गुगलचा दंडक आहे.

दुवा मोजला जाणार नसला, तरी त्या सूचीतून ग्राहक येईल काय, हा अखेरचा निकष. उत्तर नकारार्थी असल्यास तेथील नोंद निरुपयोगीच नव्हे, तर घातकही ठरू शकते.