नाका गेला, जकात राहिली

मराठीच्या धड्यात ‘जकात’ हा शब्द आला की माझ्या वर्गातली मुले हमखास गोंधळतात. घरी त्यांनी ऐकलेली जकात म्हणजे वर्षभराच्या बचतीतून काढायचा चाळिसावा हिस्सा, गरिबाचा हक्क. पुस्तकातली जकात म्हणजे नाक्यावर गाडी अडवून घेतलेला कर. शब्द एकच. अरबीतून निघाला, फारसीच्या वाटेने आपल्या दफ्तरांत शिरला आणि इथे पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ उलटा झाला. कुरआनात (9:60) जकात कोणाकोणाला द्यावी याची आठ जणांची यादी आहे. त्यात शेवटचा आहे वाटसरू, इब्नुस्सबील. वाटसरूला द्यायची ती जकात आपल्याकडे वाटसरूकडूनच घेतली गेली.

कराचे नाव बदलले की कराचे काय होते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. त्याचे सगळ्यात स्वच्छ उदाहरण मला आपल्याकडे नाही, तर लंडनच्या पूर्वेला टेम्स नदीवर सापडले. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी मुस्लीम घरांतले कोणी ना कोणी पूर्व लंडनमध्ये असते. आमच्याही घरातले आहे. तिकडे पाहुणे म्हणून गेलेले लोक परत आले की डार्टफर्डचा विषय निघतो: नाका दिसत नाही, कोणी गाडी थांबवत नाही, मग पैसे भरायचे कुठे? प्रश्न साधा आहे, पण त्याच्या मागे साठ वर्षांचा इतिहास आहे.

डार्टफर्ड टेम्सच्या दक्षिण काठावर, केंट परगण्यात. समोरच्या काठावर एसेक्समधले थरॉक. इथे नदी रुंद आहे, समुद्र जवळ आहे आणि मोठी जहाजे ये-जा करतात, त्यामुळे ठेंगणा पूल बांधण्याची सोयच नव्हती. म्हणून बोगद्याची कल्पना पुढे आली. 1930च्या दशकात आधी एक लहान चाचणी बोगदा खणला गेला. तो 1938 मध्ये पूर्ण झाला आणि पाठोपाठ महायुद्ध आले. काम थांबले ते थेट पन्नाशीच्या दशकापर्यंत. पहिला बोगदा वाहनांसाठी उघडला नोव्हेंबर 1963 मध्ये. मोटारीला टोल होता अडीच शिलिंग, म्हणजे पाउंडाचा आठवा भाग. सायकलवाल्यांना बोगद्यातून जाऊ देणे धोक्याचे, म्हणून त्यांच्यासाठी खास बस बनवल्या होत्या: खाली सायकली, वर माणसे. गिऱ्हाईक मिळेना, म्हणून त्या दोनेक वर्षांत बंद पडल्या.

रहदारी वाढली तसा 1980 मध्ये दुसरा बोगदा झाला. 1986 मध्ये लंडनभोवतीचा एम-25 हा वर्तुळाकार महामार्ग पूर्ण झाला आणि त्याचा पूर्वेकडचा सगळा लोंढा या दोन बोगद्यांवर येऊन आदळला. आता तिसरी वाट लागणार होती. सरकारने ती स्वतः बांधली नाही. 1988 च्या कायद्याने हे काम एका खासगी कंपनीला दिले. कंपनीने जुन्या बोगद्यांचे कर्ज डोक्यावर घ्यायचे, नवा पूल बांधायचा आणि टोल घेऊन सगळे वसूल करायचे. मुदत जास्तीत जास्त वीस वर्षे; कर्ज त्याआधी फिटले तर सवलत त्याआधीच संपणार. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ हे शब्द आपण पुढे नव्वदीत मुंबई-पुण्याच्या रस्त्यांबाबत ऐकले, त्याच घराण्यातला हा करार. पूल ऑक्टोबर 1991 मध्ये राणीच्या हस्ते खुला झाला आणि त्याला तिचेच नाव आहे. तेव्हापासून दक्षिणेकडे जाणारी वाहने पुलावरून जातात आणि उत्तरेकडे जाणारी दोन्ही बोगद्यांतून.

कर्ज मुदतीच्या पाच वर्षे आधीच फिटले. या इतिहासातले मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते वळण इथे येते. 31 मार्च 2003 ला टोल संपला. दुसऱ्या दिवशी, 1 एप्रिल 2003 ला, त्याच बूथवर, त्याच खिडकीतून, मोटारीमागे तोच एक पाउंड घेतला जात होता. फक्त त्याला आता टोल म्हणत नव्हते, ‘चार्ज’ म्हणत होते. टोल होता बांधकामाच्या कर्जासाठी; चार्ज होता गर्दी आटोक्यात ठेवण्यासाठी. यासाठी कायदाही तयार होता. 2000 च्या वाहतूक कायद्याने मोठ्या रस्त्यांवरच्या किमान 600 मीटर लांबीच्या पुलांवर आणि बोगद्यांवर शुल्क लावायची मुभा दिली होती. त्या आधारावर 2002 मध्ये आदेश निघाला. बेकायदा काहीच झाले नाही. वचनसुद्धा शब्दशः पाळले गेले: टोल संपेल असे म्हटले होते, टोल संपला!

गर्दीचा मुद्दा अगदीच खोटा होता असे मी म्हणणार नाही. दिवसाला 1 लाख 35 हजार वाहनांसाठी आखलेल्या या ठिकाणी गर्दीच्या दिवशी 1 लाख 80 हजारांपर्यंत वाहने जातात. फुकट केले असते तर आणखी वाढली असती, हा युक्तिवाद ऐकून घेण्यासारखा आहे. पण पैसे मोजायला लागतात म्हणून माणूस वाट बदलतो ती केव्हा? दुसरी वाट असते तेव्हा. डार्टफर्डच्या पूर्वेला समुद्रापर्यंत नदी ओलांडणारा एकही रस्ता नाही, आणि पश्चिमेला जायचे तर थेट लंडनच्या गल्ल्यांत शिरावे लागते. शिवाय त्या वर्षांत रांगा लागत होत्या त्या बऱ्याचशा टोल बूथमुळेच. गर्दीसाठी शुल्क आणि शुल्कामुळे गर्दी, अशी ती गंमत होती.

बूथ हटायला 2014 उजाडले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेर अडसर काढले, कॅमेरे लावले. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, आणि पैसे भरण्याची जबाबदारी चालकावर. पाहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. सकाळी 6 ते रात्री 10 या वेळेत नदी ओलांडली तर पैसे लागतात. रात्री 10 नंतर आणि पहाटे 6 च्या आत लागत नाहीत. भरणा आधी करता येतो किंवा दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत. म्हणजे सोमवारी दुपारी गेलात तर मंगळवारी रात्री बाराच्या आत. संकेतस्थळावर, फोनवर किंवा ठरावीक दुकानांत रोखीनेही. जाताना एकदा आणि येताना एकदा, दोन्ही खेपा वेगळ्या मोजल्या जातात. परतीचे पैसे विसरणारे बरेच. 2014 मध्ये मोटारीला अडीच पाउंड होते, सप्टेंबर 2025 पासून साडेतीन झाले. खाते उघडले तर थोडे स्वस्त पडते. मोटारसायकलला काहीच नाही. वेळेत भरले नाहीत तर दंड 70 पाउंड, चौदा दिवसांत भरल्यास निम्मा म्हणजे 35, आणि तरीही दुर्लक्ष केले तर 105. नोटीस जाते ती गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला. भाड्याची गाडी असेल तर आधी कंपनीकडे, आणि कंपनी बहुधा आपला खर्च वर चढवते. आणखी एक: सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी, मध्ये दलाली घेणारी पाने शोधयंत्रात सापडतात. पत्ता नीट वाचूनच पैसे भरावेत.

यात कोण सापडते ते पाहा. रोज जाणारा ट्रकवाला सापडत नाही, त्याचे खाते असते. डार्टफर्ड-थरॉकच्या रहिवाशाला सवलत आहे. अडकतो तो बाहेरचा माणूस, एखाद्या लग्नाला किंवा दवाखान्यात चाललेला, फोनवर पैसे भरायची सवय नसलेला म्हातारा. नाक्यावरचा माणूस हात पुढे करायचा, तेव्हा विसरायची सोयच नव्हती. अडीच पाउंड चुकले म्हणून सत्तर मागण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आला नाही. पुन्हा तोच वाटसरू.

याच नदीने याच्या अगदी उलट रीतही पाहिली आहे. लंडन ब्रिजचा दगडी पूल बांधायला 1176 मध्ये पीटर ऑफ कोलचर्च या पाद्र्याने सुरुवात केली, आणि तो 1209 मध्ये पुरा झाला. त्याच्या देखभालीसाठी लोक जमिनी, घरे, पैसे ठेवून जात. त्या मिळकतींच्या भाड्यातून पुलाची डागडुजी व्हायची. हे वाचताना मला वक्फच आठवला. पूल, सराय, विहीर, पाणपोई यांसाठी मिळकत बांधून द्यायची, मूळ विकायचे नाही, उत्पन्न त्या कामाला लावायचे. ही रीत इस्लामी जगात जागोजागी होती. लंडनमध्ये तिच्या जोडीला टोलही होता, गाड्यांवर आणि पुलाखालून जाणाऱ्या जहाजांवर, पण तो 1782 मध्ये बंद झाला. मिळकत मात्र राहिली. आजही त्याच निधीतून टॉवर ब्रिज, लंडन ब्रिज यांच्यासह पाच पूल सांभाळले जातात. कोणाकडूनही एक पेनी न घेता. वर पैसे उरतात म्हणून 1995 पासून त्यातून धर्मादाय कामांना मदत जाते. साडेआठशे वर्षे चाललेला हिशेब!

बाकीचे पूल खासगी कंपन्यांचे होते, टोल घेणारे. एकोणिसाव्या शतकात लोकांनी ओरड केली आणि 1877 मध्ये कायदा झाला. नगर मंडळाने सार्वजनिक पैशातून हे पूल विकत घेतले आणि 1880 पर्यंत एकेक करून मोकळे केले. आल्बर्ट ब्रिजवर टोलच्या खोल्या अजून उभ्या आहेत, रिकाम्या. मग पूर्वेकडचे गोदीकामगारांच्या वस्तीतले लोक म्हणाले, पश्चिमेच्या पुलांसाठी करातून पैसे आम्हीही भरले, मग आम्हाला वाट कुठे? त्यातून 1889 मध्ये वुलिचची मोफत फेरीबोट सुरू झाली आणि 1897 मध्ये ब्लॅकवॉलचा मोफत बोगदा. डार्टफर्ड तेव्हाच्या लंडनच्या हद्दीबाहेर, म्हणून ही उदारता तिथवर पोहोचलीच नाही.

उपखंडात बादशहांनीही हात लावून पाहिला. 1605 मध्ये गादीवर येताच जहांगीरने जे बारा हुकूम काढले त्यातला पहिलाच ‘तमगा’ आणि ‘मीर-बहरी’ बंद करण्याचा होता. मीर-बहरी म्हणजे नदीच्या उतारावर घेतला जाणारा कर. जहागीरदार आपल्या फायद्यासाठी असे कर लावतात, हे त्याने स्वतःच्या आठवणींत नोंदवले आहे. अर्ध्या शतकानंतर औरंगजेबाला गादीवर आल्यावर ‘राहदारी’ माफ करावी लागली. माफीचे हुकूम पुन्हापुन्हा निघतात, याचा अर्थ इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळा सांगावा लागत नाही. एका नावाने बंद झालेला कर दुसऱ्या नावाने उतारावर येऊन बसत होता.

आणि एक उदाहरण अगदी आपल्या घरचे. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये, मिठी नदी समुद्राला मिळते तिथे, पूर्वी होडीने जावे लागे आणि होड्या बुडत. मखदूम अली माहिमींच्या दर्ग्याला साष्टीकडून येणारा मुरीदही त्याच होडीत. कंपनी सरकार खर्चाला तयार नव्हते. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी सुमारे दीड लाख रुपये दिले आणि 1845 मध्ये माहीमचा कॉजवे झाला. देणगीला अट होती: इथे टोल घ्यायचा नाही. आज त्या रस्त्यावरून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? रस्त्याला नाव लेडी जमशेटजींचे आहे, पण त्या अटीची पाटी मला तरी कुठे दिसली नाही. मुंबईच्या वेशीवरचे पाच टोलनाके छोट्या गाड्यांसाठी ऑक्टोबर 2024 मध्ये माफ झाले तेव्हा चर्चा झाली ती निवडणुकीची. आवाबाईंची आठवण फारशी कोणी काढली नाही.

लंडनमध्ये मात्र काटा उलट फिरला आहे. एप्रिल 2025 मध्ये ब्लॅकवॉलच्या शेजारी सिल्व्हरटाउनचा नवा बोगदा उघडला आणि त्याच दिवसापासून दोन्हींवर शुल्क लागले. 1897 पासून मोफत असलेल्या ब्लॅकवॉलवरही. आता गर्दीच्या वेळी, गर्दीच्या दिशेने मोटारीला चार पाउंड, एरवी दीड. भरण्याची पद्धत डार्टफर्डसारखीच, कॅमेरा आणि दंडासकट. खाते मात्र वेगळे, एकाचे पैसे दुसऱ्याला चालत नाहीत. डार्टफर्डच्या पूर्वेला आणखी एका लांब बोगद्याला मार्च 2025 मध्ये मंजुरी मिळाली आहे, आणि तिथेही शुल्क असेल. त्याच पट्ट्यात टिलबरी आणि ग्रेव्हझेंड यांच्यामध्ये पायी जाणाऱ्यांसाठी जुनी फेरीबोट होती. ती मार्च 2024 मध्ये पैशाअभावी बंद झाली. डार्टफर्डच्या पुलावर आणि बोगद्यांत पायी जाता येत नाही. सायकलवाल्याला मात्र कर्मचारी आपल्या गाडीतून पलीकडे सोडतात, आजही विनामूल्य.