त्वरित निर्णय, स्वसंरक्षणातील

अंगावर येणाऱ्या माणसापुढे पळायचे, अडवायचे, प्रहार करायचा की हात आवरायचा, हे क्षणार्धात ठरवण्याची क्रिया. मानसशास्त्र, युद्धशास्त्र, व्यायामविद्या व फौजदारी कायदा या शाखांनी या विषयाचा विचार आपापल्या परीने केला आहे आणि त्यांची परिभाषा एकमेकींशी फारशी जुळत नाही. प्रयोगशाळा निर्णयाचा वेळ मोजते, न्यायालय त्याचा वाजवीपणा तपासते. आखाड्यातला वस्ताद मात्र निर्णय घ्यायची वेळच येऊ नये अशी शरीराची घडण करू पाहतो.

प्रतिसादकाल : दिवा लागताच बटण दाबणे यासारख्या साध्या कृतीस निरोगी प्रौढाला सुमारे ०·२ सेकंद लागतात, आवाजाला प्रतिसाद याहून किंचित लवकर मिळतो. पर्याय एकाहून अधिक असले की हा वेळ वाढतो, हे डच शरीरक्रियावैज्ञानिक डाँडर्स यांनी १८६८ मध्ये दाखवले. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ हिक (१९५२) व अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हायमन (१९५३) यांनी ही वाढ गणिती रूपात मांडली. पर्यायांची संख्या दुप्पट झाली की वेळात साधारण ठरावीक भर पडते. म्हणजे दोनांवरून चारवर जाताना जेवढी, तेवढीच चारांवरून आठवर जाताना. यावरून स्वसंरक्षणाच्या अनेक शिक्षकांनी ‘डाव थोडे शिकवा’ असा नियम काढला. तो सरसकट लागू पडत नाही. दीर्घ सरावानंतर आणि इशारा व कृती यांचा मेळ स्वाभाविक असल्यास ही वाढ जवळजवळ नाहीशी होते, असे १९५९ मधील दोन स्वतंत्र प्रयोगांत आढळले. काही आठवड्यांच्या वर्गात येणाऱ्या नवशिक्याच्या बाबतीत मात्र शिक्षकांचा सल्ला व्यवहारात बरोबरच ठरतो.

ओळख व अंदाज : कराटेपटूंवरील एका जपानी अभ्यासात (२००२) साध्या प्रतिसादात खेळाडू व नवशिके यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही, प्रतिस्पर्ध्याच्या हालचालींचे चित्रण पाहून प्रहार कोठे येणार हे सांगण्यात मात्र खेळाडू सरस ठरले. निष्णाताचा हात वेगवान असतो या समजापेक्षा त्याची नजर लवकर वाचते हे म्हणणे पुराव्याला अधिक धरून आहे. गॅरी क्लाइन यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतील अग्निशमन अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा ‘आम्ही पर्यायांची तुलना करतच नाही’ अशा अर्थाची उत्तरे त्यांना वारंवार मिळाली. प्रसंग ओळखीचा वाटला की पहिली सुचलेली कृती मनात एकदा चालवून पाहायची आणि ती जमण्यासारखी असेल तर करायची, अशी ती पद्धत. ‘ओळखीवर आधारित निर्णय’ हे प्रारूप त्यातूनच आले.

कुस्तीत याचा पडताळा सहज मिळतो. सलामीनंतरच्या खडाखडीत मल्ल एकमेकांचा जोर, तोल व खोड अजमावतात. प्रत्येक डावाची तोड ठरलेली असल्याने विचार डावापुरता उरतो. हूल ही याच ओळखीवर घातलेली धाड होय : प्रतिपक्षाला चुकीची खूण दाखवून त्याची तयार तोड वाया घालवायची. मात्र आखाड्यात प्रतिस्पर्धी, जागा व नियम आधीच ठाऊक असतात. रस्त्यावरील हल्ल्यात यातले काहीच ठाऊक नसते, ही मर्यादा प्रशिक्षणवर्गांच्या जाहिरातींत क्वचितच आढळते.

बॉइड व ट्यूलर : अमेरिकन हवाई दलातील वैमानिक जॉन बॉइड (१९२७–९७) यांनी निरीक्षण, आकलन, निर्णय व कृती असे चक्र मांडले. प्रतिपक्षाचे चक्र पुरे होण्याआधी आपले पुरे करावे, एवढाच त्याचा लोकप्रिय अर्थ राहिला आहे. बॉइड यांनी फार थोडे लिहिले. त्यांचे बहुतेक विचार व्याख्यानांच्या पारदर्शिकांत आहेत. १९९५ मधील त्यांच्या अखेरच्या आकृतीत आकलन या टप्प्याला सर्वाधिक जागा असून, त्यात पूर्वानुभव व संस्कार यांचा समावेश आहे. आकलनातून निर्णयाला वळसा घालून थेट कृतीकडे जाणारी वाटही तीत दाखवली आहे.

सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये एका लेखात मांडलेले निरीक्षण असे की, सुराधारी माणूस सुमारे २१ फूट (६·४ मी.) अंतर दीड सेकंदात कापतो आणि पिस्तूल उपसून नेम धरायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. पुढे त्याचा ‘२१ फुटांचा नियम’ झाला, तो मूळ लेखाच्या आशयापलीकडचा आहे.

भयाचा परिणाम : ‘लढा किंवा पळा’ ही कल्पना वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये मांडली. हृदयाच्या अमुक ठोक्यांना अमुक कौशल्य जाते अशी कोष्टके प्रचलित आहेत. त्यांना आधार अपुरा आहे. शरीर गोठून जाणे ही तिसरी प्रतिक्रिया दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. स्वीडनमधील एका अभ्यासात (२०१७) लैंगिक अत्याचारानंतर उपचारकेंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांपैकी ७० टक्के जणींनी हल्ल्याच्या वेळी लक्षणीय गोठलेपण अनुभवल्याचे सांगितले. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, ही तरतूद भारतीय कायद्यात २०१३ मध्ये स्पष्टपणे आली, हे या संदर्भात महत्त्वाचे आहे.

भारतीय कायदा : खासगी बचावाचा हक्क भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. आशयात मोठा बदल नाही. मेकॉले यांच्या विधी आयोगाने दंड संहितेच्या १८३७ च्या मसुद्यात हा हक्क मुद्दाम ऐसपैस ठेवला. इथले लोक दरोडेखोरांपुढे फार निमूटपणे मान तुकवतात, असे कारण त्यांनी दिले. कारणात साम्राज्याची घमेंड आहे. तरतूद मात्र बचाव करणाऱ्याच्या पथ्यावर पडली.

न्याय संहितेतील, निर्णयाच्या वेळेशी संबंधित तरतुदी अशा : प्रत्यक्ष घाव पडण्याची वाट पाहावी लागत नाही, प्रयत्नातून किंवा धमकीतून वाजवी धास्ती निर्माण होताच हक्क सुरू होतो व धास्ती असेपर्यंतच टिकतो (कलम ४०). पोलीस वा अन्य अधिकाऱ्यांकडे दाद मागण्यास अवधी असेल तर हक्क मिळत नाही आणि गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही (कलम ३७). हल्लेखोर बालक, वेडसर किंवा नशेत असला तरी हक्क तोच राहतो (कलम ३६), त्यामुळे हे ताडत बसण्याची सक्ती नाही. हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत हक्क कोठे पोचतो, ते प्रसंग कलम ३८ मध्ये दिले आहेत. त्यांत आम्लहल्ल्याची भर जुन्या दंड संहितेतच २०१३ मध्ये पडली होती. प्राणघातक हल्ल्यात निरपराध व्यक्तीला इजा होण्याचा धोका पत्करल्याशिवाय बचावच शक्य नसेल, तर तो धोका पत्करण्यापर्यंतही हक्क पोचतो (कलम ४४).

‘जयदेव वि. पंजाब राज्य’ (१९६३) या सर्वोच्च न्यायालयातील खटल्याचा निकाल न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. शेतजमिनीच्या ताब्यावरून झालेल्या मारामारीत आरोपींना आरंभी बचावाचा हक्क होता. समोरचे लोक पांगून पळू लागल्यावर तो संपला व त्यानंतर दूरवर झाडलेल्या गोळ्यांना संरक्षण मिळाले नाही. त्याच निकालात, बचाव करणाऱ्याच्या त्या क्षणीच्या मनःस्थितीला मुभा द्यावी लागते, हेही मान्य केले आहे. ‘दर्शनसिंग वि. पंजाब राज्य’ (२०१०) मध्ये आधीच्या निर्णयांतून दहा तत्त्वे संकलित झाली. धास्तीखालच्या माणसाने बळाचा वापर पायरीपायरीने, हिशेबी काटेकोरपणे करावा ही अपेक्षा अवास्तव आहे, हे त्यांपैकी एक. वेळेवर थांबणे हाही निर्णयच असून, न्यायालयात गाजलेले अनेक खटले सुरुवातीपेक्षा या थांबण्यावरून उभे राहिले आहेत. लढाऊ कलांच्या पुस्तकांत त्याला नगण्य जागा मिळते.

महाराष्ट्रातील परंपरा : फरी-गदगा, लाठी, दांडपट्टा व बोथाटी यांचे शिक्षण पवित्र्यांपासून सुरू होते, पाय ठरले की हाताला निवडीचे काम कमी उरते. फरी-गदग्यात चामडी ढाल व चामड्याने मढवलेली छडी असल्याने घाव खाऊन शिकता येते. या विद्यांची विस्तृत नोंद बडोद्याहून निघालेल्या द. चिं. मुजुमदार संपादित दहा खंडी व्यायाम ज्ञानकोशात आहे. तीत डावांची वर्णने भरपूर व निर्णयप्रक्रियेचा विचार त्रोटक आहे. कोल्हापूरच्या तालमींनी मर्दानी खेळ टिकवले. दांडपट्ट्याला २०२४ मध्ये महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून मान्यता मिळाली.

जपानी परंपरा : मियामोतो मुसाशी (सतरावे शतक) याने पुढाकाराचे तीन प्रकार सांगितले : आपण आधी चाल करणे, प्रतिपक्षाच्या चालीवर मात करणे आणि दोघांनी एकाच वेळी चाल करणे.